बॉनेटवरची आमसुलं

ताई, तुझं सुतक मला तीनच दिवसांचं निघालं. गुरुजींनी बोटं मोजून सांगितलं, लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं भावाला तीन दिवस, तिच्या घरच्यांना दहा. मी म्हटलं, "एवढंच?" ते म्हणाले, "रीत आहे." चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ केली आणि मोकळा झालो. भावोजी आणि तुझी लेक श्रुती अजून चटईवर झोपत होते, देवाजवळ जात नव्हते, शेजारून आलेला पिठलं-भात खात होते. आणि त्याच घरात, त्याच ओटीवर बसलेला मी मात्र मोकळा. तुझ्या कडेवर वाढलेला माणूस तीन दिवसांत मोकळा होतो म्हणे. मला संताप आला. पण गुरुजींशी भांडण्यात अर्थ नव्हता आणि भांडायला अंगात बळही नव्हतं. म्हणून उठलो आणि तुझ्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

गाडी बघून माझ्यासारख्याने कपाळालाच हात लावावा. दिवाळीनंतर तुला पनवेलच्या दवाखान्यात नेलं, तेव्हापासून ती अंगणातल्या बदामाखाली उभी होती. भावोजींना चालवता येत नाही. तुझ्या श्रुतीला येते, पण ती आधी नोकरीत आणि मग तुझ्या उशाशी. काचेच्या बुडाशी बदामाची पानं कुजून चिखल झाला होता. छतावर वटवाघळांची घाण वाळून खपली धरलेली. समुद्र वाडीच्या पलीकडेच, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याचं मीठ सगळ्या अंगावर बसलेलं. बोट फिरवलं तर खरखर लागत होतं. काळी गाडी म्हणून घेतलेली, आता ती चुलीतल्या राखेच्या रंगाची झाली होती.

वडखळच्या पुढे, रस्त्याला लागून माझं पॉलिशचं दुकान आहे. तुला हे सांगायची गरज नाही, दुकानाचा नारळ तूच फोडला होतास आणि खोबरं वाटताना "भाऊ माझा गाड्यांना न्हाऊ घालतो" असं सगळ्यांना सांगत होतीस. पण हे वाचणाऱ्या माणसाला कळायला हवं. लोक माझ्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्षलेल्या गाड्या आणतात आणि मी त्यांचा मूळ रंग वर काढून देतो. नवा रंग मारत नाही. आहे तोच वर काढतो. आणि अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीची गाडी अख्ख्या दिवेआगरात सगळ्यात भिकार. तुझ्याकडे उतरलेले पाहुणे परतीच्या वाटेवर माझ्याकडे गाडी धुवायला थांबायचे आणि हसत म्हणायचे, "तुमच्या ताईंची गाडी बघितली हो." दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

ओटीवरून भावोजींनी मला गाडीपाशी बघितलं. ते खाली आले नाहीत, तिथूनच म्हणाले, "दिनू, दहाव्याला हरिहरेश्वरला जायचं हाय."

"व्हय. गाडी सांगितली हाय मी श्रीवर्धनची."

"मी दुसऱ्या गाडीत बसनार न्हाय." मग गाडीकडे बघत म्हणाले, "तिच्याच गाडीत बसलो जन्मभर."

जन्मभर कसलं, जेमतेम चार-पाच वर्षं. पण मी दुरुस्ती केली नाही. चालेल अशी करायची तर बॅटरी बदलली आणि चाकांत हवा भरली की झालं असतं. पण तुला असल्या गाडीतून पोचवायला न्यायचं? सगळा गाव बघणार, आणि मी उभा तिथे, पॉलिशवाला. त्या दिवशी बायकोच्या भाच्याच्या टेम्पोतून दुकानातली मशीन, पॅड, डबे, सगळं मागवून घेतलं.

वादळात तुमची सुपारी आडवी झाली, तेव्हा तू ही गाडी घेतलीस. आठवतंय ना, वाडीत उभं काही राहिलं नव्हतं, नुसतं आभाळ दिसायचं. मी आलो तेव्हा तू पडलेल्या झाडांवरून ओलांडत ओलांडत मला चहा द्यायला आली होतीस. म्हणालीस, सुपारी पुन्हा धरेपर्यंत बसून राहायचं तर आपण म्हातारे होऊ. घरात दोन खोल्या आहेत, पाहुणे ठेवीन, माणगावच्या स्टेशनावरून त्यांना मीच आणीन. मी म्हटलं, चालवणार कोण? "मी," म्हणालीस. पन्नाशीला आलेली बाई, कधी सायकलला पाय लावला नव्हता. भावोजी हसले आणि तू त्यांच्याकडे असं बघितलंस की ते दोन दिवस गप्प होते.

गाडी बघायला आपण पेणला गेलो. मी पांढरी दाखवत होतो, तू काळीपाशी जाऊन उभी राहिलीस. मी धंद्यातला माणूस, सांगून सांगून घसा बसला. समुद्राकाठी काळी गाडी घेऊ नये, ताई. मीठ दिसतं, धूळ दिसते, फडकं फिरवलं तर त्याच्या रेघा दिसतात, उन्हात ती तव्यासारखी तापते. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पांढऱ्यावर मीठ दिसत न्हाय म्हनजे बसत न्हाय का रं?" झालं. काळीच आली.

तव्यासारखी तापते, हे मी सांगायला नको होतं. तुझ्या डोक्यात तेवढंच राहिलं.

ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर मी तुला चालवायला शिकवलं. तू दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं धरायचीस की जणू विहिरीत पडलेल्या कळशीचा दोर. गिअर बदलताना खाली बघायचीस. मी ओरडलो की म्हणायचीस, "वरडू नको, पोटात असताना तुला आईनं सांभाळलं, भाईर आल्यावर मी." वाडीत शिरताना तोडलेल्या सुपारीच्या बुंध्यावर डावा दरवाजा घासलास तो त्याच आठवड्यात. मी म्हटलं, दुकानावर घेऊन ये, एका दिवसात काढून देतो. नाही म्हणालीस. तेव्हापासून आपलं हे भांडण लागलं, आणि ते तू अर्धंच टाकून गेलीस.

भाऊबीजेला यायचो, ओवाळून झालं की मी गाडीकडे बघायचो आणि तू माझ्याकडे बघायचीस. "न्हाय," म्हणायचीस, मी तोंड उघडायच्या आत. "भाऊ घरी येतो तो जेवायला. त्याच्या हातात फडकं देनारी बहीन मी न्हाय." एकदा मी गुपचूप मशीन डिकीत घालून आणली होती. तू डिकी उघडलीस, बघितलीस, आणि तुझ्या त्या नारळ सोलायच्या खोलीत ठेवून वर कुलूप लावलंस. जाताना परत दिलीस, वर ओल्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. मी सगळ्या रस्त्यावर दुसऱ्यांच्या गाड्या चमकवत बसलो आणि तुझी तशीच राहिली.

तशीच राहिली हे बोलणंही खोटं. तशीच राहिली असती तर बरं झालं असतं.

पहिल्या वैशाखात मी आलो तर अंगणात ऊन रणरणतंय, गाडी मुद्दाम सावलीतून बाहेर काढून उन्हात उभी केलेली, बॉनेटवर तुझं जुनं सुती लुगडं पसरलेलं आणि त्यावर रातांब्यांची सालं. लाल, ओली, मिठाच्या रसात बुडवून काढलेली. आमसुलं वाळत घातली होतीस. मोटारीवर.

"ताई, गाडी हाय ती. खळं न्हाय."

"उभीच तर असते दुपारची. नुसती उभी राहून काय करते ती?"

"आंबट रस हाय. खालपर्यंत उतरतो. रंग खातो."

"बघ हात लावून," म्हणालीस, आणि माझा हात धरून बॉनेटवर टेकवलास. चटका बसला. "अंगनात चार दिस लागतात, हितं दीड दिसात झालं. तूच म्हनालास ना तव्यासारखी तापते."

पाटल्या वाजवत तू हसलीस आणि मी जेवलोही नाही नीट, असा रागावलो होतो. सोलकढी मात्र दोन वाट्या प्यायलो. त्यातली आमसुलं गेल्या सालची होती, अंगणात वाळलेली. पुढच्या सालापासूनची सगळी बॉनेटवरची. ज्येष्ठात जुन्या बिस्किटांच्या डब्यात भरून यायची, वर केळीच्या पानाचा तुकडा. माझ्या बायकोने एकदा डबा उघडला आणि म्हणाली, ताईंची आमसुलं आता पहिल्यासारखी नाहीत, जास्त चांगली झालीत. मऊ, काळीभोर, आणि चव धरलेली. दिवसभर रस्त्याची धूळ खाऊन घरी यावं आणि ती सोलकढी प्यावी. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू छतावरही घातली असतीस.

आता गाडी धुतली. पाण्याने, मग साबणाच्या फेसाने, मग पुन्हा पाण्याने. वरची घाण भिजवून भिजवून सोडवली, ओरबाडली नाही. मग मऊ मातीचा गोळा, कणकेसारखा, तो साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सगळ्या अंगावर फिरवला, म्हणजे रंगात रुतलेलं मीठ आणि धूळ त्याला चिकटून निघते. गोळा मळून मळून तपकिरी होत होता, मी उलटा करत होतो. हे काम घाईचं नसतं आणि मला घाई करवतही नव्हती. खांदा दुखत होता. रात्री झोप नव्हती. तुझ्या घरात मी नेहमी जेवून सुस्तावायचो, तसं या वेळी काहीच नव्हतं, नुसता थकवा होता.

पाणी निथळल्यावर, सावलीत टॉर्च मारून बघितलं आणि मग सगळं दिसलं. कोरड्या फडक्याने रोज पुसल्याच्या बारीक रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल. डाव्या दारावर सुपारीचा बुंधा. आणि बॉनेटवर तुझी आमसुलं. प्रत्येक साल जिथे जिथे टेकली होती तिथे एकेक वाटोळा डाग, एकात एक गुंतलेले, सालोसालचे. लुगड्याच्या काठाची सरळ रेघसुद्धा उमटली होती. माझ्या धंद्यात मी कबुतरांची घाण बघितली, सिमेंटचे थेंब बघितले, एकाने घासणीने घासलेली गाडी बघितली. असं बॉनेट कुणाचं बघितलं नाही.

मशीन चालू केली तर शेजारच्या वाडीतल्या शेवंताकाकू तरातरा आल्या. तू गेलीस तेव्हा सगळ्यात मोठ्याने त्याच रडल्या होत्या.

"अरं, सुतकाच्या घरात मशीन कसली घुमवतोस? लोक काय म्हनतील?"

"माझं सुतक फिटलं काकू. तीन दिसांचंच होतं."

त्यांनी गाडीकडे बघितलं, मग वाडीकडे, आणि कोपऱ्यातल्या रातांब्याच्या झाडाकडे बोट दाखवलं. झाड लाल झालं होतं, खाली सडा पडलेला. "बघ कसं धरलंय ह्या साली. घरच्यांनी हात लावायचा न्हाय, आनि लावनारी गेली. पाऊस आला की सगळी माती." डोळ्याला पदर लावून त्या निघून गेल्या.

मी मान खाली घालून पॅडला पॉलिशचं औषध लावलं. मी गाडीवाला, मला रातांब्यांचं काय.

तुला घरी आणल्यावरचं मला आठवायचं नव्हतं, पण मशीन घुमायला लागली की डोकं रिकामं होतं आणि मग तेच येतं. पनवेलहून तू हट्टाने घरी आलीस. खाट खिडकीशी लावली होती. अंगावर काही उरलं नव्हतं, पाटल्या श्रुतीने काढून ठेवल्या होत्या कारण त्या हातातून निघून पडत होत्या. तू खिडकीतून गाडीकडे बघत होतीस. मी पेज भरवत होतो. मध्येच म्हणालीस, "दिनू, ह्या साली बॉनेट रिकामं हाय. घे घासून."

इतकी वर्षं ज्या परवानगीसाठी भांडलो, ती अशी मिळाली. मी वाटी खाली ठेवली आणि तुझ्यावर ओरडलो. आजारी माणसावर. म्हटलं, मला नको असली परवानगी, तू बरी हो, आमसुलं घाल, मग मी घासतो का नाही बघ. तू हसलीस, दात तेवढे दिसले. म्हणालीस, "वरडू नको." पुढचं वाक्य, ते पोटातलं आणि बाहेर आल्यावरचं, ते म्हणायला तुझ्यात दम नव्हता. मीच मनात पुरं केलं.

तर बघ, घासतोय. तू सांगितलंस म्हणून नाही. भावोजी दुसऱ्या गाडीत बसत नाहीत म्हणून.

सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी उतरल्यावर, एवढंच काम करता यायचं. पत्रा तापलेला असला की औषध लावल्या लावल्या सुकतं आणि रंग जळतो. मला सावली लागते, तुला ऊन लागायचं. तू सालांवर रसाची पुटं चढवायचीस, बुडवून वाळवून पुन्हा बुडवून. मी वरचं पुट बारीक बारीक उतरवतो, खालचा चांगला थर लागेपर्यंत. दोघंही एकाच बॉनेटवर. कुणी आपल्याला एकत्र कामाला लावलं असतं तर पहिल्या दिवशीच मारामारी झाली असती.

पहिलं दार काळं झालं तेव्हा श्रुती ओटीवरून बघत होती. म्हणाली, "मामा, ही इतकी ब्लॅक होती? मला तर ग्रेच आठवते." मग खाली येऊन दारात स्वतःचं तोंड बघत उभी राहिली. तिचं नाक तुझं आहे, हे त्या दारात मला पहिल्यांदा दिसलं.

बॉनेट शेवटी घेतलं. आधी लोकरीचा पॅड, मग मऊ, मग अजून मऊ. डाग एकेक करून विरत गेले. आतून काळा वर येऊ लागला, विहिरीचं पाणी निवळावं तसा, आणि त्यात बदामाची पानं दिसायला लागली. दुसरं कुणाचं बॉनेट असतं तर मी दुकानातल्या पोरांना बोलावून दाखवलं असतं. तुझं होतं म्हणून नुसता घाम पुसला. डाव्या कोपऱ्यातला एक डाग मात्र गेला नाही. हात लावला तर खोल लागत होता. अजून घासला असता तर वरचा पारदर्शक थर संपून खालचा रंग उघडा पडला असता. अशा वेळी थांबायचं, हे या कामात पहिलं शिकवतात. मी थांबलो, पण मला ते खटकत राहिलं.

भावोजी संध्याकाळी पहिल्यांदा गाडीपाशी आले. पांढरी दाढी वाढलेली, पंचा गुंडाळलेला. सगळीकडे बघितलं आणि थेट त्या कोपऱ्याशी जाऊन डागावर बोट ठेवलं.

"हा ऱ्हायला?"

"जात न्हाय. खोल हाय."

"जायचा न्हाय. त्या साली एकदम पाऊस आला, मी झोपलेलो. ती पळत गेली, लुगडं तसंच वढलं, ह्या कोपऱ्यातली सालं तशीच ऱ्हायली, चिकटून. दोन दिस आम्ही बोलत नव्हतो." त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "मला उठवायला हवं होतं तिनं."

मी म्हटलं, तुम्हाला उठवलं असतं तर तुम्ही उठला असतात का? ते म्हणाले, "न्हाय." आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसणं म्हणवत नाही, पण त्या वाटेवरचं.

दहाव्याला निघालो. श्रुती चालवायला बसली. तुझी सीट अजून तशीच पुढे ओढलेली, पाठीशी तुझी ती चपटी झालेली उशी. तिचे गुडघे स्टेअरिंगला लागत होते. मी म्हटलं, सीट मागे घे. "असू दे मामा," म्हणाली, आणि तशीच अवघडून शेखाडीच्या रस्त्याने, समुद्र उजव्या हाताला ठेवून, श्रीवर्धनपर्यंत आणि पुढे हरिहरेश्वरपर्यंत चालवत गेली. भावोजी तिच्या शेजारी, जिथे ते नेहमी बसायचे. मागे मी, आणि माझ्या मांडीवर, अस्थींच्या कलशात, तू. गावातून जाताना लोक दारात उभे होते. सगळ्यांनी हात जोडले आणि दोघा-तिघांनी गाडीकडे बघितलं. तुला सांगतो, एवढ्या दुःखातही मला ते दिसलं. धंदा सुटत नाही माणसाचा.

तिथे खडकांवर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळा शिवायला वेळ लागतो, मेलेल्याची इच्छा राहिलेली असते, मग घरचे एकेक कबूल करतात, हे करीन, ते करीन. भावोजी श्रुतीच्या लग्नाचं बोलायच्या तयारीत होते. पण आम्ही नीट उभे राहतो न राहतो तोच कावळा आला, शितं उचलली आणि गेला. गुरुजींना बरं वाटलं. "पुण्यवान बाई. काही इच्छा शिल्लक नाही हो," म्हणाले. सगळ्यांनी डोळे पुसले.

मला मात्र काही बरं वाटलं नाही, ताई. शिल्लक नाही म्हणजे काय? खाटेवर पडून खिडकीबाहेर कशाकडे बघत होतीस मग, गाडीकडे की त्याच्या पलीकडच्या झाडाकडे? कावळ्याला भूक होती, तो आला. त्याला काय ठाऊक, वाडीत काय सडतंय ते.

परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. कुणाशी न बोलता टोपली घेतली आणि रातांब्याखाली गेलो. पडलेले चांगले वेचले, मग आकडी घेऊन झाडावरचे पाडले. विळीवर एकेक फोडला, बिया आणि गर वेगळा केला. बोटं लाल झाली, नखांत आंबट चरचरलं. मशीन धरून धरून जिथे कातडं गेलं होतं तिथे तर आगच. श्रुतीने तुझी मिठाची बरणी आणून दिली. किती घालायचं ते भावोजींना विचारलं. ते म्हणाले, "ती मुठीनं घालायची." तुझी मूठ केवढी आणि माझी केवढी. अंदाजाने घातलं. सालं रात्रभर गराच्या त्या खारट रसात ठेवली.

सकाळी शेवंताकाकू आल्या आणि दारातच थबकल्या. "बाबा रं, तेरावा तरी होऊ दे. आमसुलं कसली घालतोस?"

"काकू, माझं कधीच फिटलंय."

मला तीन दिवसांत मोकळा का केला, याचा राग मी इतके दिवस धरून होतो. म्हटलं, केलाच आहे तर याच कामाला लागू.

काकू पदर खोचून पुढे आल्या. मी गाडी चालू केली आणि बदामाच्या सावलीतून बाहेर, भर उन्हात आणून उभी केली. बॉनेट असं दिसत होतं की डोळे दिपावेत. अख्खं आभाळ त्यात. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतकं चांगलं काम केलेलं नाही, हे तुला शपथेवर सांगतो. मी आत जाऊन प्लास्टिकचा कागद शोधत होतो, निदान तो तरी खाली घालावा म्हणून. काकूंनी हातातून काढून घेतला. "पलास्टिकवर घाम सुटतो, बुरशी धरंल. ती नुसत्या लुगड्यावर घालायची."

भावोजींनी तुझं लुगडं आणलं. ते तेच होतं, जागोजागी जांभळे डाग पडलेलं. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. ते पसरताना बॉनेटवरचं आभाळ झाकलं गेलं आणि मी एकदा माझं टोक मागे ओढलं, खोटं कशाला बोलू. मग मी सालं घालायला लागलो. एकेक, कातडी खाली, पोट वर. शेवटच्या ओळीपर्यंत आलो तेव्हा पहिल्या ओळीखालचं लुगडं ओलं झालं होतं. रस खाली उतरला असणार. मी कापड उचलून बघितलं नाही.

काकू म्हणतात, दुपारी पालटायची, मग पुन्हा रसात बुडवायची. भावोजी म्हणतात, ती दुपारी जेवायच्या आधी पालटायची. या दोघांचं त्यावरून अजून चाललंय. मी ओटीवर बसून हे लिहितोय. मधूनच उठून जातो आणि लुगड्याच्या कडेला, उघड्या पत्र्यावर हात टेकवून बघतो. माझा हात धरून टेकवायला आता कुणी नाही, मला स्वतःलाच टेकवावा लागतो.

ऊन चांगलं आहे, ताई. गाडी छान तापली आहे.